शिवेवरचा बॉयलर

चंपाबाईचं पत्र दसऱ्याला आलं. आता मार्गशीर्ष सरत आला, तरी माझ्याकडून उत्तर गेलेलं नाही.

पत्रातलं अक्षर तिच्या गावच्या मास्तरांचं आहे. बोलणं मात्र तिचंच. तिची मुलगी कडोलीला दिली आहे. पहिलटकरीण, पौषात दिवस भरतात. घरात सासू नाही. रीतीप्रमाणं तिनं आईकडं यायचं, पण त्या गाड्याच्या घरात बाळंतपण नको म्हणून सासरचे पाठवत नाहीत. आणि चंपाबाईनं लेकीकडं जावं म्हटलं तर गाव तिला शीव ओलांडू देत नाही. "तवाच्या मानसांत तुमी येकलंच उरलायसा, अण्णा," असं मास्तरांनी तिच्या शब्दांत उतरवलं आहे. "पंचांस्नी दोन वळी लिवा. काय लिवायचं ते तुमास्नी ठावं. मला लेकीपाशी जायाचं हाय."

काय लिहायचं ते मला ठाऊक आहे, असं तिला वाटतं. मी कागद घेऊन बसतो आणि दोन ओळींच्या जागी सगळं पहिल्यापासून आठवू लागतं. म्हणून ते आधी इथं लिहून काढतो. मला लिहिता येतं असं लोक समजतात. वाचता येतं, एवढंच खरं.

सन अठरात मी बेळगावच्या कॅम्पात एका वाहतूक कंपनीत कारकून होतो. आमचं घर वडगावात, घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. माझ्या हातात धोटा कधी नीट बसला नाही. "ह्याला पुस्तकात गुंडाळून ठेवा," असं वडील म्हणायचे. कंपनीत माझं काम कागदांचं. माणसांशी बोलायची वेळ आली की मी ते काम दुसऱ्या कुणाकडं तरी सरकवत असे.

दिवाळीच्या आधी एक काम आलं. बेळगावातली एक गिरणी बंद पडली होती. तिचा उभा बॉयलर निपाणीच्या एका व्यापाऱ्यानं तेलाच्या गिरणीसाठी घेतला. रेल्वेनं तो नेता येईना, कारण मालगाडीच्या वाघिणीवर उभा केला तर पुलाखालून जात नव्हता. आडवाही करायचा नव्हता. आतल्या जुन्या नळ्या निखळतील, असं मिस्त्रीनं बजावलेलं. एवढं वजन पेलणारी मोटारलॉरी त्या लढाईच्या दिवसांत मिळत नव्हती. तेव्हा सडकेनं, बैलांनी आणि उभाच न्यायचा असं ठरलं. जाड लाकडाची चौचाकी करवून घेतली. तिच्यावर बॉयलर उभा करून चारी बाजूंनी दोर ताणले, वरून ताडपत्री गुंडाळून मध्ये आवळली. दुरून पाहिलं तर डोक्यावरून पदर घेऊन कुणी बाई उभी आहे असं वाटे. हे मला तेव्हाच वाटलं होतं की नंतर, ते आता सांगता येत नाही.

"जोतिराम, व्यवस्था तुम्ही पाहा," साहेब म्हणाले. बाकीचे कारकून तापानं आडवे होते, म्हणून मी.

ताप म्हणजे मानमोडी, इन्फ्लुएंझाची साथ. त्या दिवसांत सकाळी मागावर बसलेला माणूस दुसऱ्या सकाळी उचलावा लागे. वडगावच्या ज्या गल्ल्यांत मागांच्या खटखटाटात बोललेलं ऐकू येत नसे, तिथं आपल्याच वहाणांचा आवाज ऐकत जावं लागे. जाळायला लाकूड मिळत नव्हतं.

व्यवस्था मी पुस्तकी माणसासारखी केली. सडकेवर वडा-चिंचेच्या फांद्या खाली आलेल्या, ठिकठिकाणी तारखात्याच्या ताराही आडव्या गेलेल्या. म्हणून चौचाकीसकट बॉयलरच्या उंचीचा एक बांबू तोडून घेतला. तो उभा धरून एकानं पुढं चालायचं; जिथं बांबू अडेल तिथं थांबून फांदी तोडायची किंवा तार उचलून धरायची. समोरून येणाऱ्या गाड्यांना लांबून दिसावं म्हणून बांबूच्या टोकाला तांबडं फडकं बांधलं. बैलांच्या सगळ्या जोड्यांनी एकदम जोर करावा म्हणून हलगी वाजवायला भरमाला घेतला. प्रत्येक गोष्टीमागं कारण होतं. मी ती कारणं साहेबांना लिहूनही दिली होती.

गाडीवानांचा म्होरक्या नंदगडचा यमनाप्पा. रुंद छातीचा, कमी बोलणारा. अशा दिवसांत घाटातून ओझं न्यायला कुणी तयार होईना, पण तो झाला. तवंदीच्या घाटाअलीकडं, सडकेलाच लागून असलेल्या एका गावात त्याची लेक दिलेली होती. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लेक पोटुशी, दिवस भरलेले, आणि सासरच्या घरात मानमोडी शिरल्याचा निरोप आलेला.

"ओझं निपानीला, मी लेकीकडं," यमनाप्पा म्हणाला. "वाटंत येक रात मुक्काम तिच्या दारात. येवडं कबूल करा, अण्णा. दुसरं काय मागत न्हाय."

मी कबूल केलं.

निघताना गाडीवानांच्या बायका आल्या. त्यांनी चाकांवर नारळ फोडला, बॉयलरला हळद-कुंकू लावलं, दोरांत लिंबं ओवून बांधली आणि ताप लागू नये म्हणून कडुलिंबाचे डहाळे खोवले. नवं काम निघताना सगळेच असं करतात. मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

"अण्णा, काठी तुमीच धरा," भरमा म्हणाला. "माजं दोनी हात हलगीत, ह्यांचं बैलांत. मोकळं हात तुमचंच. पेन खिशात ऱ्हातंय न्हवं?"

सगळे हसले. मी काठी धरली.

काकतीपर्यंत काही विशेष घडलं नाही. वंटमुरीचा घाट चढायला पूर्ण दिवस गेला. बैल थांबले की चाकामागं दगड लावायचे, हलगी वाजली की पुन्हा जोर. घाट उतरून पहिल्या गावाशी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाव मेल्यासारखं शांत होतं. मग हळूहळू दारं उघडली आणि लोक सडकेच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. एक बाई पुढं आली आणि खाली मान घालून तिनं माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. मी दचकून मागं सरलो, तोवर दुसरी ताडपत्रीला बांगड्या बांधू लागली होती. वीस-पंचवीस तरण्यांनी बैल बाजूला काढून दोर हातांत घेतले आणि चौचाकी ओढायला सुरुवात केली.

"निपानीपतुर आसंच जाऊ द्या," भरमा खुशीत ओरडला. "बैलांस्नी बी जरा सुट्टी."

शेजारून एक म्हातारा चालत होता. त्याला मी म्हणालो, "आजोबा, हा बॉयलर आहे. पाण्याची वाफ करायचं यंत्र."

त्यानं माझ्या तोंडाकडं न बघता मान डोलावली. "व्हय बाबा. तिचं खरं नाव घिऊ ने, म्हाईत हाय मला."

गावाची शीव आली, तसे त्यांनी दोर टाकले आणि मागं वळून न बघता सगळे परत गेले. जाता जाता प्रत्येकानं पायाखालची चिमूटभर माती आमच्या दिशेनं टाकली.

यमनाप्पा बैल जुंपायचं सोडून तसाच उभा होता. "अण्णा," तो म्हणाला, "ह्येंनी आपल्याला मरगाईचा गाडा म्हून वढलं."

मी वडगावचा असलो तरी ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. गावात रोग शिरला की मरगाईचा, म्हणजे साथीच्या देवीचा, छोटा लाकडी गाडा करतात. त्यावर लिंबू, बांगड्या, कडुलिंब, पुढं तांबड्या फडक्याची काठी आणि हलगी. गावानं तो ओढून पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचा. त्या गावानं त्याच्या पुढच्या. गाड्यासंगं रोगही जातो. गाडा गावात थांबवायचा नाही आणि मागं फिरवायचा नाही. गाड्याबरोबर चालणाऱ्या माणसाला कुणी घरात घेत नाहीत.

"मंग ही मरगाई वाफंवर चालती म्हना की," भरमा म्हणाला. पण या वेळी तो एकटाच हसला.

पुढच्या गावात आमच्या आधीच बातमी पोचली होती. ते कानडी गाव. माणसं शिवेवरच वाट बघत उभी होती. आम्ही शिवेत शिरताच त्यांनी दोर धरले. "निंदरब्याडरी, निंदरब्याडरी," म्हणजे थांबू नका, थांबू नका, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, हात जोडून म्हणत होते. बैलांना पाणी पाजायचं होतं, तेही दिलं नाही. पलीकडच्या शिवेवर पत्रावळीवर भात, कांदा आणि नारळ ठेवलेला होता. ठेवणारी माणसं लांब रानात उभी होती. आम्ही खाल्लं. भूक लागली होती.

त्या दुपारी भरमाला खोकला सुरू झाला.

मला वाटलं, खूण काढून टाकली तर समज जाईल. मी बांबू खाली घेऊन तांबडं फडकं सोडलं, कडुलिंब आणि लिंबंही काढून टाकली. पुढच्या गावात एक म्हातारी आडवी आली. तिनं उघड्या बांबूकडं पाहिलं. तिनं आपल्या लुगड्याचा पदर दातांनी फाडला.

"दोन ल्योक घरात पडल्यात माजं," ती म्हणाली. "तिला उघडी न्हिऊ नगंस, बाबा. रागावंल."

तिचा हात बांबूच्या टोकाला पोचत नव्हता. मी बांबू वाकवून धरला आणि तिनं पदराची चिंधी बांधली. तिला नको म्हणणं मला जमलं नाही. अजूनही जमेल असं वाटत नाही.

संकेश्वरच्या आसपास भरमाला चालवेना. त्याला चौचाकीवर बॉयलरच्या पायाशी बसवलं. हलगी मांडीवर घेऊन तो डोळे मिटून बसे. बैल अडखळले की सवयीनं एक-दोन ठोके मारी. नंतर तेही थांबलं. पण वाजवायला आमचा माणूस लागतच नव्हता. प्रत्येक गाव आपली हलगी घेऊन येत होतं.

"मागं फिरू या का?" मी यमनाप्पाला विचारलं.

"गेलेला गाडा परतला तर वाटंतलं प्रत्येक गाव दगडं घिऊन हुबं ऱ्हाईल."

"मग इथंच सोडून जाऊ. माळावर."

"कुनाच्या तरी रानातच सोडशीला न्हवं? त्येच्या घरात उद्या कोन मेलं तर?" त्यानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "माजी लेक गाठू द्या, अण्णा. फुडलं फुडं."

त्याच्या खांद्याला गाठोडं होतं. त्यात डिंक, खारीक, खोबरं आणि बायकोनं शिवलेली एक कुंची. रोज सकाळी तो ते सोडून बघे आणि पुन्हा बांधे.

लेकीचं गाव दिसलं तेव्हा त्यानं पटका झटकून नीट बांधला. शिवेवर गाव जमलं होतं. पुढं पाटील, आण्णाप्पा त्याचं नाव. दोर त्यांनी आमच्या हातांतून घेतले.

"म्होरं वडाची जागा हाय तितं थांबवा," यमनाप्पा सांगू लागला. "आजची रात. आवं, माजी लेक हाय हितं. शामूची बायकू. चंपा."

लोकांनी दोर आणखी जोरात ओढले. चौचाकी मी आजवर पाहिली नव्हती अशा वेगानं गावातून चालली. वरचं टोक डुलत होतं, दोर करकरत होते. यमनाप्पानं कासरा टाकला आणि तो एका बोळाकडं पळाला. चौघं काठ्या आडव्या धरून त्याच्यापुढं उभे राहिले. त्याला हात कुणीच लावत नव्हतं; नुसत्या काठ्या पुढं करून त्याला मागं मागं रेटत आणत होते. बोळाच्या तोंडाशी कडुलिंब टांगलेलं एक बंद दार होतं. आतून ओरडणं ऐकू आलं. ते कुणाचं आहे, हे त्याला सांगावं लागलं नाही.

पलीकडच्या शिवेवर मात्र गाडा अडला. पुढच्या गावानं सडकेवर बाभळीचे काटे रचले होते, आणि काट्यांमागं माणसं भाले-काठ्या घेऊन उभी होती. त्यांच्या गावात अजून एकही माणूस दगावला नव्हता. गाडा घेणार नाही, असं त्यांनी ओरडून सांगितलं. इकडच्यांनी दोर टाकले. दोन गावांच्या मधोमध, शिवेच्या दगडाला चाक टेकवून बॉयलर उभा राहिला.

आण्णाप्पा पाटील काही वाईट माणूस नव्हता. दोनच दिवसांपूर्वी त्यानं स्वतःच्या बायकोला अग्नी दिला होता, हे नंतर कळलं. तो आमच्यापासून अंतर राखून उभा राहिला.

"पाटील, वळखता न्हवं मला?" यमनाप्पा म्हणाला. "सोयरा हाय मी गावचा."

"वळखतो की. पर आज तू गाड्यासंगं आलायस. गाड्याचा मानूस गाड्यापाशीच ऱ्हातो. तू गावात आलास म्हंजे गाडा गावात आला."

तेवढ्यात यमनाप्पाचा जावई शामू गावाकडून धावत आला आणि पाटलाच्या मागं थांबला. "आप्पा, कालधरनं अडलीया ती," तो सासऱ्याला म्हणाला. "सुईन गेली परवा. आईबी गेली. घरात धरायला कोन न्हाय. मला काय बी कळंना झालंय."

यमनाप्पा पाटलासमोर खाली बसला. एवढा मोठा माणूस सडकेच्या धुळीत गाठोडं मांडीवर घेऊन बसला.

मी पुढं झालो. मोठ्या माणसाशी आपणहून बोलायला जाण्याची माझी ती पहिलीच वेळ असेल. "पाटील, हे यंत्र आहे. गिरणीचं. कंपनीचे कागद आहेत माझ्याजवळ. ताडपत्री सोडून दाखवतो."

"आसंल यंत्र," पाटील शांतपणे म्हणाला. "तुमी शिकलेलं दिसतायसा. मंग त्येला हात लावून येवडं सांगा, का ह्यो मानूस आत आला तर उद्या माज्या गावात कोन मरनार न्हाय. सांगा, मी सोडतो."

मी हात उचललासुद्धा. पण ते वाक्य तोंडातून निघेना. मागं चौचाकीवर भरमा खोकत होता.

गावातून पुन्हा तो आवाज आला. आधीपेक्षा बारीक.

"गाड्याचा माणूस मी आहे," मी म्हणालो. "काठी माझ्या हातात आहे, पाहताय ना? बेळगावपासून मीच धरली आहे. यमनाप्पा नुसता बैल हाकणारा. त्याला जाऊ द्या. मी इथून हलणार नाही."

इतक्या गावांत मी खरं सांगितलं होतं आणि कुणीही ते मानलं नव्हतं. हे मात्र पाटलानं लगेच मानलं. गावानंही मानलं. मला चाकाशी काठी रोवायला सांगितली, मी रोवली. तिच्याखाली बसायला सांगितलं, बसलो. यमनाप्पा उठला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि गाठोडं खांद्याला मारलं. वाटेतल्या विहिरीवर त्याच्या अंगावर घागरी ओतलेल्या मला दिसल्या. नंतर तो ओल्या कपड्यांनीच गावाकडं पळत गेला.

मी बसून राहिलो. ऊन तापत गेलं तसं ताडपत्रीखालचं लोखंड तापलं. बॉयलरच्या आतून आवाज येऊ लागला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. वाटेतल्या धक्क्यांनी एखादी नळी निखळली असणार आणि वाऱ्यानं बॉयलर हलला की ती आपटत असणार, असं मी स्वतःला समजावलं. हे कारण बरोबर आहे. आजही माझी तशी खात्री आहे. पण त्या वेळी वारा नव्हता.

ऊन कलल्यावर शामू आला. "प्वार गेलं," तो लांबूनच म्हणाला. "ती हाय. आप्पा येळंवर आलं म्हून ती हाय."

भरमा त्यानंतर थोड्याच वेळात गेला. त्याच्या मांडीवरची हलगी खाली पडली, तेव्हा मला कळलं. उठून ती उचलावी असं वाटलं, पण पाय उचलेनात. मान दुखत होती. मला इतकंच आठवतं.

शुद्धीवर आलो तो वडगावात, आमच्या मागाच्या खोलीत. परत आलेल्या गाडीवानांनी पुढचं सांगितलं. यमनाप्पानं मला एका रिकाम्या गाडीत घालून रानातल्या वाटांनी परत पाठवलं. गाडा बिनमाणसाचा ठेवून चालणार नाही, असं गाव म्हणालं. तेव्हा "त्येंच्या जाग्याला मी बसतो" म्हणून तो काठीखाली जाऊन बसला.

महिन्याभरात त्या गावातली मानमोडी ओसरली. ती सगळीकडंच ओसरली. पण मरगाई शिवेवर बसली म्हणूनच गाव वाचलं, असं त्या गावानं धरलं. पलीकडच्या गावातही कुणी मेलं नाही; त्यांनीही तसंच धरलं. कंपनीनं दोनदा माणसं पाठवली, पण मुलखातला एकही मजूर दोराला हात लावेना. व्यापाऱ्यानं दुसरं इंजिन घेतलं. यमनाप्पा नंदगडला कधी परतला नाही. त्याची बायकोच तिकडं राहायला गेली. तो गेल्यावर गाड्यापाशी कोण, असा प्रश्न आला, आणि पंचांनी त्याच्या लेकीकडं बोट दाखवलं. मंगळवार-शुक्रवार दिवा लावायचा, शेंदूर लावायचा, शीव ओलांडायची नाही. ताडपत्री कधीच कुजून गेली म्हणतात. मी पाहायला गेलो नाही.

आता हे पत्र.

पहिल्या खेपेस मी पंचांना बॉयलर म्हणजे काय ते लिहिलं. भट्टी, पाणी, नळ्या, वाफ, चित्रही काढलं. वाचून पाहिलं तर वंटमुरीखालचा तो म्हातारा मान डोलावताना दिसला. कागद फाडला. नंतर बरेच फाडले. खरं सांगून चालणार नाही, हे मला अठरा सालीच कळलं होतं. त्यांना पटेल असं एकच वाक्य आहे, आणि ते मी एकदा बोललेलो आहे.

ते पुन्हा लिहायला मला का जमू नये? मी ह्यातलं काही मानत नाही. माझ्या खोलीत भिंतभर पुस्तकं आहेत. त्यातल्या एकातही असलं काही नाही. पण शेजारच्या खोलीत मागाच्या तुळईला लुगड्याची झोळी बांधली आहे आणि तिच्यात माझा नातू झोपतो. अजून त्याचं बारसंही व्हायचं आहे.

तीन दिवसांपूर्वी सून आत आली. रुक्माबाई तिचं नाव, बोलायला मोकळी.

"मामंजी, परत फाडलासा व्हय कागूद? आता चूल पेटवायला रद्दी मागायची न्हाय मी कुनाकडं."

मी तिला सांगितलं. सगळं नाही, पत्रात काय लिहावं लागेल तेवढं.

"तुमी मानता व्हय त्यातलं?"

"नाही."

"मंग लिवा की. बिचारीची लेक अडून ऱ्हायली आसंल." ती केर काढत दारापर्यंत गेली. तिथं थांबली. झोळीकडं बघत होती ती, माझ्याकडं नाही. "तेवढा आपल्या घरचा पत्ता घालू नगासा, मामंजी."

तिचं काही चुकलं नाही. माझ्या मनात होतं तेच ती बोलली. पण पत्ता घातला नाही तर पंच म्हणतील, हा गाड्याचा माणूस आहे तरी कुठं? चंपाबाईला सोडायचं ते कुणाच्या भरवशावर? गाड्यापाशी कुणीतरी लागतंच. ती उठली तर तिथं कोण बसणार, हे लिहिल्याशिवाय पत्राला अर्थ नाही.

दोन दिवस मी ह्याच विचारात काढले. काल रुक्माबाईला म्हणालो, "माझी घोंगडी उन्हात टाक. आणि जाड काचेचा चष्मा कुठं ठेवलाय तो बघ."

तिनं कुठं निघालात, असं विचारलं नाही. घोंगडी उन्हात टाकली, संध्याकाळी घडी करून आणून दिली. चष्मा पुसून घोंगडीवर ठेवला.

आज सकाळी आंघोळ करून पत्र लिहिलं. दोनच ओळींचं झालं.

"गाड्याचा माणूस मी. यमनाप्पा माझ्या जागी बसला आणि चंपाबाई त्याच्या जागी. येत्या मंगळवारी मी माझ्या जागेवर येऊन बसतो, तिला त्याच दिवशी कडोलीला जाऊ द्यावं."

खाली सही केली. पत्त्याच्या जागी हात थांबला, मग लिहिलं: मुक्काम गाड्यापाशी.

चंपाबाईला वेगळं काही लिहिलं नाही. मास्तर वाचून दाखवतील. घोंगडीत दोन पुस्तकं बांधली आहेत. तिसरं घ्यावं की नको ते ठरत नाही. तिथल्या ऊन-वाऱ्यात माझ्यानं किती दिवस बसवेल, कोण जाणे. पौष संपेपर्यंत बसवलं तरी पुरे. आतली नळी अजून वाजते का, तेही ऐकायचं आहे. वाजत असेल तर कारण मला ठाऊक आहे.

टपालाची पेटी कोपऱ्यावरच आहे. वाटेत दोन-तीन ओळखीचे भेटले, बोलले. मी नेहमीसारखीच मान हलवली. पेटीच्या तोंडाशी पत्र धरून जरा उभा राहिलो. मग सोडलं. आत, लोखंडावर, ते टक् करून पडलं.